चार वाजून दहा मिनिटं

दर पाच मिनिटांनी एक अक्षर.
ऊ म्हणजे ऊन खाते आहे,
आ म्हणजे जबडा उघडा,
स सरकली, ब बुडाली,
न म्हणजे दिसत नाही.
काळाघोड्याच्या पुलाजवळ, विश्वामित्रीच्या उतारावर
ठाकोरभाई प्लास्टिकच्या खुर्चीत, नऊ ते पाच,
मांडीवर माझी वही.
दिवसाला शहाण्णव अक्षरं. एकसष्ट दिवस.

रात्री दांडिया बाजारात, जिन्याखालच्या खोलीत
मी ती सगळी एका ओळीत लावते
आणि संगणकाला सांगते, दाब.
दाबणं म्हणजे काही पुसणं नव्हे.
जे पुन्हा येतं ते एकदाच लिहायचं,
पुढे नुसतं म्हणायचं: तेच, मागचंच, इतक्यांदा.
आई वाण्याची यादी अशीच लिहायची,
पहिल्या ओळीला एक किलो
आणि खाली दोन-दोन टिंबांची रांग.
ज्याला सवयी असतात त्याची फाईल लहान होते.

पाच हजार आठशे छप्पन्न अक्षरांच्या
सातशे चार बाइट झाल्या.
मग पत्ते पिसावेत तशी तीच अक्षरं पिसली,
हजार वेळा पिसली, हजार वेळा दाबली,
एकही फाईल तेराशेच्या खाली आली नाही.
म्हणजे हे आपोआप घडलेलं नाही.
म्हणजे मगरीच्या डोक्यात वेळापत्रक आहे!
मी उठून दूध तापवलं, साखर जास्त घातली.

मगर. हिंदीत त्याचा अर्थ पण.

सगळ्यात जास्त काय दबलं ते शोधत गेले
तर सापडलं: न न न.
चार दहा, चार पंधरा, चार वीस.
रोज. फक्त रविवारी नाही.
रविवारी त्याच वेळेला आ, आ, ऊ.
मगरीला रविवार कसा कळतो?
दोन रात्री मी यावर घालवल्या.
कारखान्याचं पाणी रविवारी बंद असेल,
पुलावरची रहदारी, हादरे, त्याने मासे खाली जात असतील.
शिकलेल्या माणसाला कारणं फार लवकर सुचतात.

मंगळवारी चारला मी पुलावर जाऊन उभी राहिले.
मगर उतारावर, जबडा उघडा,
दातांत काहीतरी हिरवं अडकलेलं.
खुर्ची रिकामी. वहीवर वीट.
चार पंचविसाला ठाकोरभाई आला,
खांद्याला गुलाबी दप्तर, बोटाला नात, झरणा,
तिच्या दातांत पाण्याच्या बाटलीचा पट्टा.
त्याने वीट उचलली, पेन झटकलं
आणि अगदी सुवाच्य लिहिलं:
न न न.

मी म्हटलं, काका, मगर तर इथेच होती.
म्हणाला, हशे बेन. मने तो ना देखाई.
त्यात खोटं काहीच नव्हतं.

रात्री तसल्या एकशे छप्पन्न न-च्या जागी
एक नवं अक्षर घातलं, ठ.
दाबलं. आठ बाइट वाढल्या.
ठ वगळून पिसलं, तरी मगरीचं वेळापत्रक टिकलं,
थोडं सैल, पण तिचं.
एवढ्यावर झोपायला हरकत नव्हती.

मग ठ-सकट पिसलं. गरज नव्हती.
त्या फायलींत ठाकोरभाई सकाळी सव्वानऊला निघतो,
येतो, एकला पुन्हा निघतो,
एका रविवारी सात वेळा
बंद फाटकाला हात लावून परत फिरतो,
आणि सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी
खुर्चीतच बसलेला असतो, आ लिहितो, ऊ लिहितो,
नदी छान दिसते.
तिकडे शाळा रिकामी होत जाते,
झरणा पट्टा चावत उभी.

सहाशे बाराव्या फायलीला मी यंत्र थांबवलं.
प्रबंधात आता हजार लिहिता येणार नाही,
आणि सहाशे बाराच का,
हे परीक्षक विचारणारच.